प्रवेशअर्जातील ‘पत्ता’

(लालबाग येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी धावपळ सुरू होते. पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेशअर्ज हा विषय राजकीय बैठकीत कशाला, असे काहींना वाटेल. माझ्या मते तो पूर्णतः राजकीय विषय आहे.

उच्च शिक्षण कामगारवस्तीपर्यंत आपोआप आले नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, परंतु डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणासाठी सकाळचे वर्ग भरू लागले. पुढे १९५४ मध्ये दादरला कीर्ती आणि १९६२ मध्ये परळला महर्षी दयानंद महाविद्यालय निघाले. गिरणी कामगाराचा मुलगा घरून चालत महाविद्यालयात जाऊ लागला. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या गेल्या आणि हळूहळू चाळीही गेल्या. महाविद्यालये जागेवर राहिली. ज्यांच्यासाठी ती जवळची होती ती माणसे मात्र विखुरली.

याचा प्रवेशअर्जाशी संबंध काय? चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. परळच्या एका चाळीत वाढलेली मुलगी माझ्याकडे आली. आजोबा गिरणीत, वडील टॅक्सीवर. चाळ पुनर्विकासात पाडली गेली होती आणि कुटुंब संक्रमण शिबिरात होते. अनुदानित तुकडीत जागा मिळाली नाही, म्हणून तिने विनाअनुदानित अभ्यासक्रमाला नाव घातले. राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अधिवास प्रमाणपत्र हवे होते. त्यासाठी राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाडेपावत्या मृत आजोबांच्या नावे, शिधापत्रिकेवर पाडलेल्या चाळीचा पत्ता, शिबिराचे कागद अगदी अलीकडचे. ती म्हणाली, “सर, मी परळचीच आहे, पण कागदावर ते कुठे लिहिलंय?” आईने तीन दिवसांची मजुरी बुडवून खेटे घातले. अखेर पालिकेच्या शाळेपासूनचे दाखले जुळवून प्रमाणपत्र मिळाले. तोवर अर्जाची मुदत टळली होती. त्या वर्षीचे शुल्क पतपेढीच्या कर्जातून भरले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात स्पष्ट सांगितले की, आपल्या घटनेला भारताचा एकच अधिवास मान्य आहे. राज्याराज्याचा वेगळा अधिवास नाही. तरीही वास्तव्याच्या आधारे काही जागा राखण्यास न्यायालयाने मर्यादेत मुभा दिली. सरकारी महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याकडे राहतात, ती व्यवस्था याच वादातून पुढे आली. स्थानिकांना प्राधान्य देण्याला माझा विरोध नाही. परंतु स्थानिकत्व सिद्ध करण्याचा भार कोणावर पडतो ते पाहा. ज्याच्या नावावर सदनिका आहे, त्याचा पुरावा कपाटात असतो. ज्याचे घर इतरांच्या नफ्यासाठी हलविले गेले, त्याला आपल्याच गावात परका नसल्याचे सिद्ध करावे लागते.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा अर्जाचा अदृश्य खर्च आहे. तो शुल्काच्या पावतीवर छापलेला नसतो. बुडालेल्या मजुरीत, झेरॉक्समध्ये आणि दलालाच्या दक्षिणेत असतो. त्यात १९८३ पासून आपल्या राज्यात विनाअनुदानित शिक्षणाचा विस्तार झाला. अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या आज एकाच इमारतीत भरतात. शुल्कात मात्र कित्येक पटींचा फरक असतो. सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु साध्या बी.ए., बी.कॉम.ची मुलगी त्यात बसत नाही. आणि जी बसते, तिलाही आधी कागद उभे करावे लागतात.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, निकालाची वाट पाहू नये. दिवाळीनंतर प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील बारावीच्या मुलामुलींची यादी करावी आणि अधिवास, उत्पन्न व जातीचे दाखले तेव्हाच मागवावेत. दुसरी गोष्ट, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर अपील करता येते. हा अधिकार वापरावा. तिसरी गोष्ट, संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबाला पूर्वीच्या वास्तव्याचा एकच अधिकृत दाखला चाळ रिकामी करतानाच मिळाला पाहिजे, ही मागणी पुनर्विकासाच्या प्रत्येक लढ्यात लिहून घ्यावी.

साथींनो, मोर्चा काढणे आपल्याला येते. त्याच बरोबर एका मुलीचा अर्ज मुदतीत दाखल करून देणे हेही पक्षकार्यच आहे. येत्या दिवाळीनंतर या सभागृहात एक टेबल मांडा. दोन खुर्च्या, एक नोंदवही. तिसऱ्या खुर्चीवर मी येऊन बसेन.