सरकारी वकील सुटला, पण त्याचा साथीदार?

तुमच्यापैकी बरेच जण कायदा शिकत आहात, म्हणून आज अमेरिकेतल्या एका कायद्याबद्दल बोलतो. तो आपल्याकडे लागू नाही. पण खोटा खटला भरला जातो तेव्हा जाब नेमका कोणाला विचारायचा, हा प्रश्न तिथल्या न्यायालयांनी बारकाईने हाताळला आहे.

कू क्लक्स क्लॅन कृष्णवर्णीयांवर हल्ले करत होती आणि दक्षिणेतले अधिकारी डोळेझाक करत होते. म्हणून 1871 मध्ये कायदा आला. सरकारी अधिकाराच्या आडून कोणी हक्क तुडवले, तर त्याच्यावर थेट भरपाईचा दावा लावता येतो. वकील या तरतुदीला कलम 1983 म्हणतात. हे साल नव्हे बरं का, कलमाचा आकडा!

पण 1976 मध्ये, इम्बलर प्रकरणात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाला या दाव्यातून पूर्ण संरक्षण दिले. त्याने जाणूनबुजून खोटी साक्ष वापरली, असा आरोप असला तरीही. नाहीतर प्रत्येक आरोपी सूडाने दावा ठोकेल, हे न्यायालयाचे कारण. मला ते पटत नाही.

मग त्याच्याशी संगनमत करणारी कंपनी किंवा शेजारी, तेही सुटले का? नाही. 1980 चे डेनिस विरुद्ध स्पार्क्स प्रकरण बघा. टेक्सासमध्ये एका न्यायाधीशाने तेल काढायला मनाई केली होती. तो हुकूम लाच देऊन मिळवला, असा आरोप होता. न्यायाधीशाला संरक्षण मिळाले. खासगी माणसे म्हणाली, तोच सुटला तर आम्ही कसे अडकणार? न्यायालयाने एकमताने हे म्हणणे फेटाळले. संरक्षण न्यायाधीशाच्या पदाला होते, त्याच्याशी हातमिळवणी करणाऱ्यांना नव्हते. सरकारी वकिलाच्या साथीदारांवर दावा लावतानाही याच निकालाचा आधार घेतला जातो.

खरी अडचण पुराव्याची. नुसती पोलिसांत तक्रार दिली म्हणजे कट होत नाही. आपसांत ठरले होते, हे दाखवावे लागते, आणि बरेच दावे इथेच कोसळतात.

1964 मध्ये मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गला एक गोरी शिक्षिका सहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसोबत क्रेस या दुकानात जेवायला गेली. विद्यार्थ्यांची ऑर्डर घेतली, तिची नाकारली. बाहेर पडताच पोलिसांनी तिला भटकेगिरीच्या आरोपाखाली पकडले. दुकान म्हणाले, आमचे पोलिसांशी काही ठरले नव्हते. शिक्षिकेचे म्हणणे, तो पोलीस आधी दुकानात आला होता. खालच्या न्यायालयांनी ज्यूरीपुढे न जाताच दावा निकालात काढला. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले, पोलीस आत नव्हताच, हे दुकानाने कुठे दाखवले? तो आत असेल, तर त्यांचे काही ठरले होते का, हे ज्यूरीने ठरवायचे. दावा पुन्हा उभा राहिला.