माणूस कशासाठी राबतो?

दिवस उगवायला सालगडी बैल जुंपतो, पोस्टमन सायकलीला टांग मारतो, गुरुजी शाळेचे कुलूप उघडतात. यांतल्या कोणालाही विचारा, ‘बाबा, हे कशासाठी?’ बहुतेक जण म्हणतील, ‘पोटासाठी.’ उत्तर खरे आहे. पण पुरते आहे काय? तेवढ्याच पगारावर एक गुरुजी रविवारीही शाळेतल्या रोपांना पाणी घालायला येतात, आणि दुसऱ्यांची नजर सगळा वेळ घड्याळावर असते. दोघांचे पोट सारखेच, मग हा फरक कुठून आला?

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली एक लेख लिहून याचे उत्तर देऊ पाहिले. त्याचे म्हणणे समजायला घरातली मडक्यांची उतरंड डोळ्यांपुढे आणा. सर्वांत खालच्या रांजणात भूक, तहान, झोप. त्यावर सुरक्षितता. मग आपलेपणा, मग मानसन्मान. आणि अगदी वरच्या इवल्या गाडग्यात, आपल्या अंगी जे आहे ते पुरते फुलावे ही आस. खालचे बऱ्यापैकी भरले की मन वरच्याकडे वळते, आणि भागलेली गरज मग माणसाला फारशी हलवीत नाही.

या विचाराचे बळ मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो ज्वारी आठवेल, सुकडी आठवेल. ज्यांच्या घरी कालपर्यंत गडी होते, ते बायकापोरांसह रस्त्याच्या कडेला खडी फोडीत होते. तिथे कोणी मानसन्मानाची भाषा केली असती तर लोक हसले असते. आधी रांजण, मग गाडगे. या दुष्काळाच्या अनुभवातूनच रोजगार हमीचा विचार पक्का झाला आणि १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. उपाशी माणसाला उपदेश नको, काम आणि दाम हवे, हे त्या कायद्याचे मर्म होते.

पुढे १९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्गने आणखी एक भेद दाखविला. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस कुरकुरतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतोच असे नाही. रमतो तो काम तडीला नेल्यावर, कोणी ‘शाबास’ म्हटल्यावर, स्वतःवर जबाबदारी पडल्यावर. मुख्याध्यापकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शाळेला नव्या खुर्च्या आल्या म्हणून शिकवणे सुधारत नसते. तरी एक खोच आहे. हर्झबर्गने प्रश्न विचारले ते पिट्सबर्गकडच्या सुमारे दोनशे इंजिनिअरांना आणि हिशेबनिसांना. शिवाय यश आले की ‘मी केले’ आणि बिनसले की ‘साहेबामुळे’, असे म्हणण्याची खोड तुम्हांआम्हांला आहेच. तीही त्या उत्तरांत उतरली असणार.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. पंढरपुरी नामदेवांच्या घरी दळण, कांडण, शेणगोठा करणारी दासी. मॅस्लोच्या हिशेबाने तिचे खालचे रांजणही धड भरलेले नव्हते. तरी तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत, आणि ते जात्यावर बसून सुचलेले वाटतात. म्हणजे वरचे गाडगे आधी भरले! खुद्द मॅस्लोनेही असे अपवाद मान्य केले होते. ही उतरंड दगडात कोरलेली नाही, असेच त्याचे म्हणणे होते. पाठ्यपुस्तकांतला तो टोकदार त्रिकोण नंतरच्या लोकांनी काढला. पण सावध राहा. ‘जनाबाईने काय मागितले होते?’ असे म्हणून जो मालक मजुरी दाबतो, त्याच्या तोंडी हे उदाहरण शोभत नाही.

एकदा वर्गात मी तो त्रिकोण फळ्यावर काढला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, ‘सर, माझे आईबाप ऊसतोडीला जातात. ते यात कुठं बसतात?’ मी सवयीने म्हणालो, ‘तळाशी.’ तो म्हणाला, ‘भूक भागली तर ते घरी थांबतील का? उचल फिटेपर्यंत त्यांना येताच येत नाही.’

मी खडू खाली ठेवला. बीडमधून आणि आपल्या गंगाखेडच्या बाजूने दिवाळीच्या सुमारास जी बिऱ्हाडे निघतात, त्यांची रीत तुम्हांला ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग टनामागच्या दराने ती फेडीत राहायची. अंगात ताप असला आणि दिवस चुकला तर खाडा कापला जातो. पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या त्या बाईच्या मनात कोणती गरज जागी आहे, हे शोधून काय हाती लागणार? तिला फडात आणते ते मनातले काही नव्हे, मुकादमाच्या वहीतली बाकी आहे. मला वाटते, गरजांच्या सिद्धांतांची खरी मर्यादा इथे आहे. ते माणसाच्या आत डोकावतात आणि त्याच्याभोवती कोणी, कसे कुंपण घातले आहे ते पाहायचे राहून जाते. काम नीट होत नसले की मग ‘याला ओढच नाही’ म्हणून खापर कामगाराच्या माथी फुटते. दर कोणी ठरविला, वही कोणाच्या हातात आहे, हे कोणी विचारीत नाही.

म्हणून मॅस्लोला फेकून द्यावे, असे मी म्हणत नाही. सालगड्याला पाडव्याला कबूल केलेले धान्य वेळेवर द्यावे, शिक्षकाला चार जणांसमोर टाकून बोलू नये, एवढे शहाणपण त्याच्यापासून जरूर घ्यावे. मीही तो त्रिकोण अजून शिकवतो. फक्त आता तो काढण्याआधी फळ्याच्या डाव्या बाजूला उचल, तोडलेले टन, खाडे आणि बाकी असे चार रकाने आखतो आणि ते भरायला मुलांनाच सांगतो. कोणाला त्यातले आकडे तोंडपाठ असतात, ते तेव्हा कळते.