आधी कान, मग खोली, मग स्पीकर. रिसिव्हर सगळ्यात शेवटी

एसटीच्या खिडकीत बसून ऐकताय की घरी भांडी घासता घासता, जिथे असाल तिथे स्वागत. आणि जे हा भाग वाचतायत त्यांच्यासाठी, बोललेलं जवळपास तसंच इथे उतरवलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. मुलगा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला, महाडच्या एमआयडीसीत कामाला. तो लिहितो, "दादा, तीस हजार साठवलेत. गणपतीच्या आत घरात चांगली सिस्टीम लावायचीय. बाबांना भजनं लागतात. पण हल्ली टीव्हीवरचं बोलणं कळत नाही म्हणतात, आवाज वाढवला तर कटकट होते म्हणतात. दुकानदार म्हणतो फाइव्ह पॉइंट वन घे, हजार वॅटचा आहे. घेऊ का?"

नको घेऊस. आता का, ते सांगतो.

त्या हजार वॅटपासून सुरुवात करू. पुढच्या वेळी दुकानात गेलास की तो डबा उलटा कर आणि मागची पट्टी वाच. तो बोर्डातून किती वीज घेतो ते तिथे लिहिलेलं असतं. साठ वॅट लिहिलेलं असेल, तर साठ वॅट खाणारा डबा हजार वॅट ओकणार कुठून? खोक्यावर पीएमपीओ लिहिलेला आकडा सोडून द्यायचा. आरएमएस लिहिलेला आकडा बघायचा, म्हणजे सलग किती ताकद मिळते ते.

आणि खरं सांगू? घरात आपल्याला लागतात किती? स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. समजा ८७ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तीन मीटर लांब बसलात तर तो ऐंशीच्या आसपास येतो. आपण समोरासमोर बोलतो ते साठच्या आसपास. म्हणजे बाबा भजन ऐकत असतील तेव्हा बहुतेक वेळ एक-दोन वॅटसुद्धा खर्च होत नाहीत. मृदुंगाची थाप जोरात पडली की क्षणभर जास्त लागतात, म्हणून चॅनलला तीस ते पन्नास खरे वॅट असले की बास. पन्नासचे शंभर केले तर फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा. कानाला जेमतेम जाणवतो, खिशाला चांगलाच.

आता बाबांचं. मेसेज वाचताना मी इथेच थांबलो. "बोलणं कळत नाही, वाढवलं की कटकट होते." वय वाढतं तसं कान आधी वरचे, बारीक आवाज सोडतात. स, श, त, क, ठ ही व्यंजनं तिथेच असतात, आणि शब्द कळतो तो त्यांच्यामुळे. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. अशा माणसासमोर धडधड करणारा सबवूफर ठेवला, तर खालचा आवाज वरच्या उरल्यासुरल्या आवाजाला झाकून टाकतो. तू तीस हजार खर्च करणार आणि बाबा म्हणणार, "बंद कर ते." म्हणून सिस्टीमच्या आधी एक काम कर, बाबांचे कान तपासून घे. नुसता मळ असला तर तो निघेल. यंत्र लागणार असेल तर ते आधी.

दुसरी गोष्ट खोली. आपल्याकडची घरं बघा. जुन्या भागाला कौलं, पुढे वाढवलेल्या भागाला पत्रा, खाली गुळगुळीत लादी. खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजव. टाळीमागे "टर्र" असा शेपटासारखा आवाज येतो ना? तोच शेपूट प्रत्येक शब्दाला लागतो. त्यावर उपाय घरातच आहे. खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला एखादी गोधडी. आजीची गोधडी हे आपलं अकूस्टिक पॅनल.

आणि पाऊस. जुलैत पत्र्यावर सर आली की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. त्याच्याशी वॅटने भांडायला जाऊ नकोस. पत्र्याखाली छत मारून घेता आलं तर उत्तम. नाहीतर खुर्ची पुढे घे. अंतर निम्मं केलं की स्पीकरमधून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. तेवढाच आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडून वाढवून घ्यायचा तर चौपट वॅट लागतील. खुर्ची सरकवायला काही पैसे पडत नाहीत.

आता स्पीकर. पैशातला मोठा वाटा इथे जाऊ दे. पाच छोट्या डब्यांपेक्षा दोन बरे, म्हणजे बुकशेल्फ प्रकारचे, पाच ते साडेसहा इंची वूफर आणि वर वेगळा ट्वीटर असलेले. माणसाचा आवाज, पेटी, मृदुंग, टाळ हे सगळं त्यात नीट बसतं. बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला यायला हवा. टीव्हीच्या दोन बाजूंना ठेव आणि बसायच्या जागेकडे किंचित वळव.

आपल्या हवेसाठी दोन गोष्टी खास बघायच्या. वूफरच्या शंकूभोवती जी मऊ कड असते ती रबराची घे, फोमची नको. दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो. जुने स्पीकर घेणार असशील तर जाळी काढून आधी ही कडच बघ. आणि पेटीच्या मागच्या, खालच्या कडा तपास. भुशाच्या फळीचं लॅमिनेशन उघडं असेल तर पावसाळ्यात ती फुगते. तुझी वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या तालुक्यात. घाटावर महाबळेश्वर. तिथला पाऊस काय असतो ते तुला मी काय सांगणार!

ऐकून बघायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात. जाताना दोन-तीन रेकॉर्डिंग डाउनलोड करून ने. त्यात एखादं तरी नुसतं बोलणं असू दे, कीर्तन किंवा बातम्या. दुकानदाराचं डेमोचं गाणं ऐकू नकोस, ते चांगलं वाजण्यासाठीच निवडलेलं असतं. आवाज कमी ठेवून ऐक. कमी आवाजातही शब्द कळला तर तो स्पीकर बाबांचा.

आणि आता रिसिव्हर. मुळात रिसिव्हर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, रेडिओ आणि कुठून ऐकायचं ते निवडायचं बटण, एकाच डब्यात. त्यात टीव्हीचं चित्र आणि पाच-सात स्पीकर सांभाळायची सोय आली की तो एव्ही रिसिव्हर. दोन स्पीकरसाठी एवढा मोठा डबा लागत नाही. दोन चॅनलचा छोटा, डिजिटल किंवा क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर घे. त्यात तीन गोष्टी हव्यात. फोनसाठी ब्लूटूथ. टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो आणि बाबांना दुसरा रिमोट शोधावा लागत नाही. आणि बास-ट्रेबलची वेगळी बटणं. मागे किती ओहमचे स्पीकर चालतात तेही वाच. गणपतीत पडवीत अजून दोन जोडायचा मोह होईल. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार होतात. अ‍ॅम्प्लिफायरवर चार ओहम लिहिलं नसेल तर तो तापणार.

विजेचं सांगतो. ज्याच्या अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, तो व्होल्टेज पडलं तरी चालत राहतो. विजा कडकडायला लागल्या की प्लग काढायचा, आणि त्याचबरोबर डिशची केबलसुद्धा. लोक प्लग काढतात, केबल विसरतात.

शेवटची गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही. वजन. माझं घर महाडला. २२ जुलै २०२१. सावित्री, गांधारी, काळ, तिन्ही नद्या एकदम चढल्या. माझा एव्ही रिसिव्हर टीव्हीखालच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होता, दहा किलोचा, मागे वायरींचं जंजाळ. आधी आईची औषधं वर नेली, मग कागदपत्रं, मग तांदूळ. रिसिव्हरच्या वायरी सोडवत बसायला वेळ कोणाला होता? चिखल काढताना सापडला. त्याच दिवशी तळीयेत दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यामुळे डब्याचं दुःख मी कधी कोणाला सांगितलं नाही. आज सांगतोय ते तुला उपयोग व्हावा म्हणून.

आता माझ्याकडे दोन किलोच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर आहे. छातीएवढ्या उंचीवर, भिंतीतल्या फळीवर. वायरींना बनाना प्लग लावलेत, ओढले की निघतात. दोन मिनिटांत सगळं माळ्यावर. तुझी वाडी उंचावर असेल, नदी तुझ्या दारात येणार नाही. पण दरडीचा इशारा आला आणि घर सोडायला सांगितलं, तर काहीही सोडवत बसू नकोस. बाबांचा हात धर आणि निघ.

तर हिशेब असा. स्पीकर सोळा ते अठरा हजार. अ‍ॅम्प्लिफायर आठ ते दहा. उरलेल्यात फळी, प्लग आणि वायर. वायर महागडी घेऊ नकोस, घराच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची चालते. काही उरलेच तर सतरंजी. आणि कानाचं यंत्र लागलं तर हा सगळा हिशेब पुढच्या गणपतीवर ढकल, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

लावून झालं की मला व्हॉइस नोट पाठव. सिस्टीमची नको. बाबा काय म्हणाले, ते त्यांच्याच आवाजात पाठव.

मंडळी, तुमच्या घरी काय लावलंय, कुठे फसलात, तेही कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर आवाज बेताचा ठेवा, कान सांभाळा!