‘एक्सप्रेस’ कुणाची?
(झाशी येथे रेल्वे कामगार व मराठी भाषिक नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



झाशी म्हटले की मराठी माणसाला किल्ला आठवतो, राणी लक्ष्मीबाई आठवते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत या शहरात येऊन पोहोचले. त्या प्रवासाला त्यांना किती काळ व किती कष्ट लागले, हे ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. परंतु आज मला किल्ल्याविषयी नव्हे, स्टेशनाविषयी बोलायचे आहे. २०२१ च्या अखेरीस या स्टेशनाला राणीचे नाव देण्यात आले. पाटी बदलली. त्या पाटीखाली उभ्या असलेल्या प्रवाशाच्या स्थितीत काय बदलले, हा आपला प्रश्न आहे.

येथील लोहमार्ग लोकांच्या सोयीसाठी घातला गेला नव्हता. इंडियन मिडलंड रेल्वे ही ब्रिटिश भांडवलावर उभी राहिलेली कंपनी. फौजेची हालचाल व मालाची वाहतूक यांसाठी तिने १८८९ पर्यंत झाशी हे मोठे जंक्शन बनवले. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल याच मार्गाने धावू लागली. ती प्रामुख्याने गोऱ्या साहेबांची गाडी होती. तिला तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले ते १९३० नंतरच्या दशकात. म्हणजे ज्यांच्या श्रमावर हा मार्ग उभा राहिला, त्यांना त्या गाडीत बसण्यासाठी दोन दशके थांबावे लागले.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे राष्ट्राची झाली. पण एक जुनी खोड गेली नाही. सोय बदलण्याऐवजी नाव बदलायचे, ही ती खोड. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला आणि त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. लाकडी बाक तेच राहिले. ते बाक बदलण्याचा निर्णय घेतला मधु दंडवते यांनी. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले, त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनाला गादी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गभेदाविना सुरू केली. त्यांच्याशी आपले राजकीय मतभेद होते. तरीही इच्छा असेल तर सामान्यांची गाडी सुधारता येते, हे त्यांनी दाखवून दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

आता बुंदेलखंडाकडे पाहा. ग्वाल्हेरहून झाशी, मऊरानीपूर, महोबा, बांदा, चित्रकूट, माणिकपूर, प्रयागराज असे करीत वाराणसीला जाणारी बुंदेलखंड एक्सप्रेस ही या भागाची रोजची गाडी. तिच्यात कोण असते? मऊरानीपूरचा विणकर, महोब्याच्या खाणीतला मजूर, प्रयागराजच्या उच्च न्यायालयात जमिनीच्या तंट्याची तारीख असलेला शेतकरी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी. यांना दिल्लीला चार तासांत पोहोचायचे नसते. शेजारच्या शहरात वेळेवर, बसून आणि परवडेल त्या भाड्यात जायचे असते.

दिल्लीच्या दिशेने मात्र शताब्दी आली, २०१८ साली गतिमान आली, २०२३ साली वंदे भारत आली. वेगाला आपला विरोध नाही. प्रश्न क्रमाचा आहे. माणिकपूरचा मार्ग १८८९ मध्ये घातला गेला. त्याच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली २०१८ साली! एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी कोणती गाडी बाजूला उभी करतात, हे येथल्या स्टेशन मास्तरांना मी सांगायला नको.

२०२० मध्ये नाव बदलण्याची तीच युक्ती पुन्हा वापरली गेली. महामारीत बंद केलेल्या पॅसेंजर गाड्या परत सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्सप्रेस’ म्हणून. डबे तेच, थांबे बहुतांशी तेच. किमान भाडे मात्र दहा रुपयांऐवजी तीस. ते पुन्हा दहावर येण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेण्यात आली, तीही याच मालिकेतली. ‘सुपरफास्ट’ अधिभाराची कथा वेगळी नाही. ताशी सरासरी पंचावन्न किलोमीटर वेग न गाठणाऱ्या गाड्यांच्या प्रवाशांकडूनही तो वसूल झाला, असे महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात नोंदवले. आणि ज्या रेल्वेंची तपासणी झाली त्यांत आपली उत्तर मध्य रेल्वे होती.

यावर उत्तर ठरलेले असते : प्रवासी वाहतूक तोट्यात आहे. प्रवासखर्चाचे केवळ ५७ टक्केच वसूल होतात, असे तिकिटावरच छापले जाऊ लागले, जणू गरीब प्रवासी हा सरकारचा ऋणकोच! पण हिशेब पुरता मांडा. बुंदेलखंडातील मजूर स्वस्त भाड्यात पुण्याला, भोपाळला, दिल्लीला पोहोचतो, म्हणूनच तेथील ठेकेदाराला स्वस्त मजूर मिळतो. या भाड्याचा लाभ घेणारा पहिला माणूस तो ठेकेदार आहे. त्याच्या हिशेबवहीवर मात्र कोणी ५७ टक्के छापत नाही.

आणि गाडी नसली तर काय होते? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा श्रमिक मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून पायी निघाले होते, मध्य प्रदेशातील घरी नेणारी गाडी मिळावी म्हणून. मित्रहो, ८ मे ही तारीख रेल्वे कामगारांच्या स्मरणात आधीपासून आहे. १९७४ साली त्याच दिवशी देशव्यापी संप सुरू झाला होता. आठ तासांचा दिवस आणि बोनस या त्याच्या प्रमुख मागण्यांपैकी होत्या. हजारो कामगारांनी तुरुंगवास सोसला. गाडी चालवणारा आणि गाडीवाचून चालणारा यांचे दुःख एकाच व्यवस्थेतून आलेले आहे, हे या तारखेने कायमचे शिकवले आहे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. विभागीय शहरांना जोडणाऱ्या रोजच्या गाड्यांना साधारण डबे वाढवून द्यावेत. २०२४ मध्ये रेल्वे खात्याने दहा हजार बिनवातानुकूलित डबे बांधण्याची घोषणा केली, त्यांतील वाटा बुंदेलखंडाला मिळावा. दुहेरीकरणाचे काम कालबद्ध असावे. सोय न वाढवता नाव बदलून भाडे वाढवू नये. चालक, गार्ड व मार्ग-कामगार यांच्या कामाचे तास मर्यादित असावेत. कारण थकलेल्या चालकाच्या हाती प्रवाशाचा जीव सुरक्षित नसतो.

या मागण्या केवळ ठरावांत राहू नयेत. प्रत्येक शाखेने एक महिनाभर आपल्या स्टेशनावरील एका गाडीची वही ठेवावी : किती वाजता आली, साधारण डबे किती होते, किती लोक दारात लटकत होते. ती वही घेऊन विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे आणि खासदारांकडे प्रवासी व कामगार यांनी मिळून जावे. २०१७ पासून संसदेत रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जात नाही; तेव्हा हा हिशेब आता फलाटावरच मांडला पाहिजे.

गाडीचे नाव काय ठेवावे, हे त्यांनी ठरवले. ती कुणासाठी धावावी, हे आपण ठरवू.