तबकडी, फाइल आणि दुधाचे पातेले

क्वीन या ब्रिटिश रॉकसमूहाच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या १९८१ सालच्या तबकडीवरून उतरवलेली हाय-रेझोल्यूशन फाइल, म्हणजे सीडीच्या १६ बिट व सेकंदाला ४४,१०० नमुने या मापाऐवजी २४ बिट व ९६,००० नमुन्यांत साठवलेला आवाज, हाती आली की श्रोता आकडे पाहूनच हरखतो. पण पातेले मोठे घेतल्याने दूध दाट होत नाही.

या तबकडीच्या ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी, सुमारे ५८ मिनिटे, दोनच बाजूंवर बसवलेली आहेत. इतका मजकूर मावावा म्हणून खाचा अरुंद ठेवाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि त्या मानाने खरखर वर येते. शिवाय मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या कड्यापाशी त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तिथे ‘स’, ‘श’सारखे तीक्ष्ण ध्वनी फिसकटतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ च्या मूळ तबकडीत दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे होते, ते येथे पहिल्या बाजूच्या काठावर आले. ‘वुई आर द चॅम्पियन्स’ मात्र अगदी आतल्या खाचेत आहे. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या क्वीनच्या गायकाचा, फ्रेडी मर्क्युरीचा, आवाज ही दोन गाणी लागोपाठ लावून ऐकावा. जो फरक जाणवेल तो खाचेतला आहे आणि फाइल तो इमानाने जपते, मिटवत नाही.

मोठ्या पातेल्याचा उपयोग नाही असे नव्हे. त्यात दूध उतू जात नाही, म्हणजेच २४ बिटांत आवाज उतरवताना वर पुरेशी मोकळी जागा ठेवता येते व अचानक चढलेला सूर कापला जात नाही. परंतु चांगल्या तबकडीतही सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर ७० डेसिबलच्या आसपास असते आणि सीडीचे ९६ डेसिबलचे पातेलेही त्याला पुरून उरते. गाळणी, म्हणजे सुई, झिजलेली असेल आणि खाचेत धूळ असेल, तर पातेल्यात तेच उतरणार. पातेले मोठे घेतल्याने दूध दाट होत नाही, हे पुन्हा सांगणे भाग आहे. मूळ टेपवरून निघालेल्या काही नव्या डिजिटल आवृत्त्यांत आवाज दाबून चढवलेला असतो आणि म्हणूनच पुष्कळ जण जुन्या तबकडीकडे वळतात, पण त्या प्रश्नाला स्वतंत्र वेळ हवा.

तोवर श्रोत्यांनी एवढे करावे: फाइल घेण्यापूर्वी ती टेपवरून काढली की तबकडीवरून, हे विचारावे, आणि तबकडी घरचीच असेल तर आधी ती पुसून सुई तपासून घ्यावी.