आईच्या ताटातले मीठ



मोहर्लीच्या सभेत कामगार चळवळीतल्या माणसाने मजुरीच्या दरावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मिठावर बोलणार आहोत. १९३० साली देशाने मिठासाठी कायदा मोडला. आपल्या विदर्भात समुद्र नाही, म्हणून लोकनायक अण्यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे वाचनालयाच्या बाकावर झाले. चूकभूल डॉक्टरमंडळींनी पदरात घ्यावी.

मे महिन्यात तेंदूपाने तोडायला निघालेल्या बाईचे गाठोडे आपण पाहिले आहे. रात्रीचा भात, मिरचीचा ठेचा, कधी वाळके बोंबील. डाळ असलीच तर ती मुलांना. कोरडा भात घशाखाली उतरावा म्हणून ठेच्यात मीठ सढळ. मीठ येथे कालवणाची जागा भरून काढते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. घामावाटे मीठ जाते, हे खरे. पण पाणीही जाते, आणि फळीवर प्यायला पुरेसे पाणी असते कोठे?

या बाईच्या पोटात मूल असेल तर? मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख, कोणाकडे पुष्कळ कमी, कोणाकडे दुप्पट. त्या आईच्या पोटातच घडतात, निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम संपते. मग जन्मभर नवी गाळणी नाही. गिरणीतला झिजलेला भाग बदलून मागता येतो, हा येत नाही. ज्याला कमी मिळाल्या त्याच्या उरलेल्या गाळण्यांवर दुप्पट पाळीचे काम पडते. अशाने रक्तदाब वाढतो, असे अमेरिकेतील ब्रेनर यांनी १९८८ साली मांडले.

जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी गाभण उंदरिणींना फार खारट खाणे दिले. २०११ साली त्यांनी छापले की पिलांच्या गाळण्या कमी भरल्या, आणि नर पिलांचा रक्तदाब पुढे चढला. मात्र फारच कमी मीठ दिलेल्या माद्यांच्या पिलांचेही तसेच झाले! तेव्हा सासूबाईंनी सुनेचे मीठ तोडायला आमचे नाव सांगू नये. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

माणसांचे पाहायचे तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक वजनाची निघाली. कमी वजनाच्या बाळाच्या गाळण्याही बहुधा कमी असतात. म्हणजे नुसते मीठ काढून भागत नाही. ताटात दुसरे काही घालावे लागते.

येथे आमचा गुन्हा सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मागण्यांची यादी करताना एका गर्भार बाईने सांगितले होते, “दादा, फळीवर शिजलेली डाळ अन् प्यायचे पाणी लिहा.” आम्ही लिहिले आणि आम्हीच खोडले. पुडक्याचा दर आधी, असे म्हणालो. दर वाढला. तिचा मुलगा आज पंचविशीत रक्तदाबाची गोळी घेतो. ते मिठाने झाले असे कोणी सांगू शकत नाही, आम्हीही सांगत नाही. पण त्या मुलाला पाहिले की ती खोडलेली ओळ आठवते.

२०१५ साली राज्याने अमृत आहार योजना काढली: अनुसूचित क्षेत्रात गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत एक वेळचे चौरस गरम जेवण. महिने अगदी बरोबर निवडले आहेत! पण हंगामात बाई पहाटेपासून जंगलात असते, जेवण गावात. आणि यादीबाहेरच्या गावांतल्या बाईला तेही नाही.

या हंगामाच्या मागणीपत्रकात दराच्या वर ती ओळ पुन्हा लिहिली आहे: गर्भार बाईला फळीवर डाळ, भाजी, पाणी आणि सावली. पत्रक मागच्या टेबलावर ठेवले आहे. सही येत नसेल त्यांच्यासाठी शाईची डबीही आहे.