वॉकी-टॉकी हातात आहे, पण पलीकडे ऐकू येते का?

(कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण वेतन, पेन्शन आणि रिक्त जागांवर बोललो. माझ्याकडे विषय आला आहे बिनतारी यंत्रणेचा. स्टेशनवरचा बेस सेट आणि डोंगरावरचा रिपीटर कसा बसवतात, कसा चालवतात, हे मला सांगायचे आहे. जेवणानंतरची वेळ आहे आणि विषय तांत्रिक आहे, तरी कुणी डुलकी काढू नये. शेवटी हा विषयही आपल्याच जिवाचा आणि आपल्याच रिक्त जागांचा आहे.

२६ नोव्हेंबर १९९८ ची पहाट आठवा. पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटल्यामुळे फ्रंटियर मेलचे मागचे डबे घसरले आणि शेजारच्या रुळावर आडवे झाले. त्याच रुळावरून जम्मूतावी-सियालदह एक्स्प्रेस आली आणि त्यांवर आदळली. २१२ माणसे गेली. अशा वेळी काय करायचे हे आपल्या नियमात आहे. दिवा घेऊन पुढे धावायचे, ६०० मीटरवर एक फटाका लावायचा आणि १२०० मीटरवर तीन. अंधारात खडीवरून १२०० मीटर जायला जवान गड्यालाही दहा मिनिटे लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी तेवढे अंतर ४३ सेकंदांत कापते. खन्नाला मधला वेळ फारच थोडा होता, म्हणून रेडिओने काय झाले असते हे मी सांगत बसणार नाही. परंतु पुढच्या वेळी मध्ये तीन मिनिटे असतील, तर ती तीन मिनिटे रेडिओच वापरू शकतो. फटाके लावायचेच, पण आवाज त्यांच्या आधी पोचतो. अट एकच, तो पलीकडे ऐकू आला पाहिजे.

आता ड्रायव्हरकडे आणि गार्डाकडे (२०२२ पासून ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) ५ वॅटचा सेट असतो, स्टेशन मास्तरकडे २५ वॅटचा. प्रशासनाला विचारले की उत्तर येते, ‘सर्वांना सेट दिलेले आहेत.’ नोंदवही पाहिली तर सहीसुद्धा असते. पण सेट मिळणे वेगळे आणि बोलणे होणे वेगळे. ह्या दोहोंच्या मध्ये चार गोष्टी येतात: अँटेनाची उंची, केबल, बॅटरी आणि बोलण्याची शिस्त. वॅटचा नंबर त्यानंतर लागतो.

उंचीचे आधी सांगतो. १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या ह्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने क्षितिजापलीकडे त्या फारशा उतरत नाहीत. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, म्हणजे क्षितिज किती किलोमीटरवर ते कळते. स्टेशनच्या पत्र्यावर ५ मीटर उंचीवर अँटेना असेल तर ९ किलोमीटर. तीच २० मीटरच्या खांबावर नेली तर १८. रुळाकाठी उभ्या माणसाच्या हातातल्या सेटचे आणखी ५ किलोमीटर मिळवा. म्हणजे १४ चे २३ झाले, आणि एक वॅटही वाढवला नाही. हे सपाट मोकळ्या रानातले आकडे आहेत. गाव, झाडी आणि टेकड्या आल्या की बरेच कमी होतात. शिवाय इंजिनाची केबिन पोलादी असते. सेट आत धरून बोलाल तर निम्मी ताकद तिथेच अडते. खिडकीशी धरा. खरा उपाय म्हणजे इंजिनाच्या छपरावरची अँटेना.

केबलकडे कुणी पाहत नाही आणि चोरी तिथेच होते. बारीक केबल, जिला बाजारात आरजी-५८ म्हणतात, ती ३० मीटर टाकली तर सेटमधून निघालेल्या २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत जेमतेम ६ पोचतात. बाकीचे केबल गरम करतात. त्याच लांबीची जाड आरजी-२१३ टाकली तर १३ च्या आसपास पोचतात. दोन्ही ठिकाणी कागदावर मात्र ‘२५ वॅटचा बेस सेट बसविला’ असेच लिहिले जाते. त्यात आपला पावसाळा. कनेक्टरवर नीट टेप नसेल तर पहिल्याच मृगात पाणी जाळीतून आत शिरते, तांबे हिरवे पडते आणि केबल कायमची निकामी होते. म्हणून सांध्यावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी. केबल खोलीत शिरण्याआधी खाली एक वळण सोडावे, म्हणजे पाणी तिथून गळून जाते. हे वळण फुकटात होते, तरी कित्येक ठिकाणी नसते. परत येणारी ताकद मोजायचे मीटर प्रत्येक मेंटेनरकडे हवे. १.५ आकडा आला तर शंभरातले चार वॅट परत येतात, चालेल. ३ आला तर चौथा हिस्सा परत येतो, म्हणजे वर काहीतरी तुटले आहे.

खांब उभा करताना माणूस मरू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. मुंबईच्या लोकलची जुनी १,५०० व्होल्टची तार जाऊन तिथेही हाच दाब आला आहे, पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. चालू तारेच्या २ मीटरच्या आत जायचे नाही हा नियम तुम्हाला पाठ आहे. खांबाच्या बाबतीत तो पुरत नाही. खांब आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढ्या लांब तो रोवावा. खांबाला तळाशी आणि केबलला खोलीत शिरताना अर्थ द्यावा, विजेचा अडकाव बसवावा, आणि हे सगळे अर्थ एकमेकांना जोडावेत. वेगवेगळे ठेवले तर वीज एकातून उतरते आणि सेटमधून दुसऱ्यात जाते. वर माणूस चढला असेल तर खाली सेटची वीज काढून ‘वर माणूस आहे’ अशी पाटी लावावी. एका ठिकाणी मी पाहिले, कंत्राटदाराचा पोरगा कंबरपट्ट्याशिवाय दोरी दातात धरून वर चढत होता आणि खाली त्याच सेटवर कुणी बोलत होते. असे दिसले की काम तिथेच थांबवायचे, मग तो माणूस आपल्या युनियनचा असो वा नसो.

आता रिपीटर. बोर घाट घ्या, कसारा घाट घ्या. १ : ३७ चा चढ, मागे बँकर इंजिने, पुढचा ड्रायव्हर आणि बँकरचा ड्रायव्हर यांच्यामध्ये डोंगराची सोंड. सरळ रेषा मिळतच नाही. तिथे उंचावर रिपीटर ठेवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलतो. वाक्य सोपे आहे, काम अवघड. रिपीटर २५ वॅटने ओरडत असताना त्याला दूरच्या हँडसेटची कुजबुज ऐकायची असते. ओरडणे आणि कुजबुज यांच्यातला फरक एकावर सोळा शून्ये एवढा असतो. त्याच्या कानात त्याचाच आवाज शिरू नये म्हणून ड्युप्लेक्सर नावाचे तांब्या-पितळेचे नळकांडे-यंत्र मध्ये बसवतात. त्याची जुळणी जरा जरी ढळली तरी रिपीटर बहिरा होतो. जोरात बोलतो, पण ऐकत नाही. स्टेशनवरून तपासले तर सगळे ठीक वाटते, कारण जवळचा आवाज ऐकू येतो. घाटातल्या माणसाचा येत नाही. म्हणून रिपीटरची चाचणी सेक्शनच्या सर्वांत वाईट जागेवरून, हातातल्या सेटनेच घ्यावी. बोगद्यात मात्र डोंगरमाथ्यावरचा रिपीटरही कामाचा नाही. तिथे भिंतीवरून गळती केबल न्यावी लागते, जिच्या लांबीभर लहर बाहेर झिरपते. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत, त्यांतला करबुडे साडेसहा किलोमीटरचा. त्यावरून काम केवढे आहे ते समजा.

रिपीटर बंद पडला तर सगळेच मुके होतात. म्हणून प्रत्येक सेटमध्ये थेट बोलायचा चॅनेल असलाच पाहिजे आणि तो कुठला हे कामावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे.

टपालवाले बंधू म्हणतील, आमचा ह्यात काय संबंध? तुमच्या-आमच्या खात्यांचे नाते तारेपासूनचे आहे. एके काळी घरच्या रेडिओचे लायसन्ससुद्धा पोस्टाच्या खिडकीवर मिळत असे. आर.एम.एस.चे साथी तर आमच्याच रुळांवर रात्री काढतात. त्यापेक्षा जवळचे उदाहरण म्हणजे नव्वदच्या दशकातले गावोगावचे बिनतारी टेलिफोन, ज्यांना ‘मार’ म्हणत. काही ठिकाणी तो फोन शाखा टपाल कार्यालयातच असे. एक्स्चेंजजवळ बेस स्टेशन आणि भोवतीच्या गावांत खांब. योजना चांगली होती. मग कुठे बॅटरी मेली, कुठे सौर तावदानावर धूळ बसली, कुठे केबलमध्ये पाणी गेले, आणि फिरून दुरुस्ती करायला माणूस नव्हता. गावकऱ्यांच्या शिव्या मात्र काउंटरवरच्या पोस्टमास्तरने खाल्ल्या. यंत्र आणायला पैसा मिळतो, सांभाळायला माणूस मिळत नाही, ही कथा दोन्ही खात्यांत एकच आहे.

बॅटरीचे खोटे असे. हँडसेटवर ‘८ ते १० तास’ लिहिलेले असते. ते १०० मिनिटांत ५ मिनिटे बोलणे, ५ मिनिटे ऐकणे आणि ९० मिनिटे गप्प असा धरून काढलेले असते. मालगाडीचा ड्रायव्हर ड्यूटीवर बारा तास असतो, घाटात सारखे बोलावे लागते आणि बॅटरी तीन वर्षांची जुनी असते. पहाटे तीनला, नेमकी गरज असताना, लाल दिवा लागतो. भरलेली दुसरी बॅटरी ही चैन नाही, ती सेटचाच भाग आहे. बेस सेटला बोलताना ५ ते ६ अँपिअर लागतात. त्याची बॅटरी नवी असताना किती वेळ टिकते यापेक्षा जुनी झाल्यावर किती टिकते ते मोजावे. वर्षातून एकदा मेन बंद करून घड्याळ लावून पाहावे.

बोलण्याची शिस्त आपल्या हातात आहे, त्याबद्दल प्रशासनाकडे बोट दाखवता येणार नाही. ह्या सेटचा एक गुण फार वाईट आहे. दोघे एकाच वेळी बोलले तर जोरदार आवाज ऐकू येतो आणि दुबळा पूर्ण पुसला जातो. कुणीतरी बोलत होते हेसुद्धा कळत नाही. अपघातातला माणूस बहुधा दूर असतो आणि त्याचाच आवाज दुबळा असतो. म्हणून प्रत्येक बोलण्यानंतर दोन सेकंद चॅनेल मोकळा सोडा. बटण अडकलेला एक सेट सगळा सेक्शन मुका करतो. ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी सोय प्रत्येक सेटमध्ये चालू करून घ्या. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला आणि वाक्य संपल्यावर मग बटण सोडा. आपल्या मराठीत तर हे जास्त जपायला हवे, कारण नकार शेवटी येतो. ‘गाडी सोडू नका’ यातला ‘नका’ कापला गेला तर काय उरते? म्हणून रेडिओवर ‘सोडू नका’ म्हणू नये, ‘गाडी थांबवा, थांबवा’ म्हणावे. आकडेही सुटे बोला. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत घरातसुद्धा गोंधळ होतो, तिथे पलीकडचा ड्रायव्हर बिहारचा किंवा आंध्रचा असेल तर विचारूच नका. ‘दोन नऊ’ सगळ्यांना कळते. २०१० च्या डिसेंबरपासून गाडीचा नंबर पाच आकडी आहे, तो पाचही आकड्यांनी सांगावा, स्टेशनचे नाव घ्यावे आणि पलीकडच्याने परत म्हणून दाखवावे. रिपीटरवर शेजारच्या सेक्शनचाही ड्रायव्हर तुमचे ऐकत असतो. दुसऱ्याला दिलेला निरोप त्याने आपला समजला तर मोठा घोटाळा होईल. सिग्नलची जागा आवाजाने कधीही घेऊ नये.

काही साथी स्वतःच्या पैशाने ऑनलाइन स्वस्त वॉकी-टॉकी घेतात. घेऊ नका. विनापरवाना चालणारे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झच्या छोट्या पट्ट्यातले, कमी ताकदीचे असतात. बाकीच्यांना परवाना लागतो. आपल्या चॅनेलवर असा सेट चालवणे गुन्हा आहे, आणि सापडलात तर युनियनलाही वाचवता येणार नाही.

कवच येते आहे, २०२० मध्ये ती राष्ट्रीय पद्धत म्हणून ठरली, तिचे उंच मनोरे उभे राहत आहेत. २०२१ मध्ये रेल्वेला ७०० मेगाहर्ट्‌झमध्ये जागाही मंजूर झाली. चांगले आहे. पण मनोरा म्हणजे पुन्हा केबल, अर्थ, बॅटरी आणि वर चढणारा माणूस. तेव्हा मागणीपत्रात ‘आधुनिक यंत्रणा द्या’ एवढेच लिहू नका. प्रत्येक सेक्शनला बेस सेट आणि रिपीटरमागे किती मेंटेनर, रिक्त जागा किती, मीटर किती, सुट्या बॅटऱ्या किती, हे लिहा. ट्रॅकमनला, कीमनला गाडी येत असल्याचा इशारा देणारा सेट मिळाला का, तेही लिहा. रुळावर सर्वांत जास्त मरतो तो, आणि सेटच्या यादीत शेवटी असतो तोच. आणि पुढच्या महिन्यापर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या सेक्शनचा नकाशा काढावा. कुठल्या किलोमीटरवर आवाज जातो, कुठे जात नाही, ड्यूटीवर जाता-येता तपासून पेन्सिलने खुणा कराव्यात. तारीख, वेळ आणि सेटचा नंबर त्यासोबत लिहावा. ते कागद माझ्याकडे पाठवा, पुढच्या बैठकीत टेबलावर तेच ठेवायचे आहेत.